मागची पायरी, पुढचं चाक

गाडीत चढताना मच्छिंद्रदादा पायताण झटकतो. सुरू करण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवतो, लेकराचा ताप बघावा तसा. आरशाला काही बांधत नाही. गाणी लावत नाही. गाडी काय बोलते ते ऐकू यायला पाहिजे, म्हणतो. घाटातल्या वळणावर बोलणं मधेच तोडतो आणि वळण संपलं की त्याच शब्दापासून पुढं सुरू करतो. प्रवाशांना सीट म्हणत नाही, माणसं म्हणतो. "आज माणसं कमी हायेत." आणि बनुबाई आल्याशिवाय शेंडीचा थांबा सोडत नाही.

मी शेंडीची. आमच्या घरामागून भंडारदऱ्याचं पाणी दिसतं. अकोले गावच्या कॉलेजात मराठी घेऊन शिकले ते सगळं त्याच्या गाडीच्या मधल्या बाकावर बसून. तेव्हा गाडी त्याची नव्हती. राजूरच्या एका मालकाची जीप होती आणि तो ड्रायव्हर होता. मी परीक्षेला पाठ करत असले की तो म्हणायचा, "मोठ्यानं म्हन ज्ञानू, मला बी कळू दे कोन कुनावर रुसलंय." कवितेत कोणीतरी कोणावर रुसलेलंच असतं, असं त्याचं मत होतं. फार चुकीचं नव्हतं.

स्वतःची गाडी आली ती अडीच वर्षांपूर्वी, दसऱ्याला. नवीकोरी, पांढरी, मागच्या दारानंही चढता येणारी.

आमच्याकडं नवी गाडी शोरूममधून निघाली की सरळ घरी येत नाही. आधी राजूरला अजिनाथच्या वेल्डिंगच्या दुकानात जाते. तिथं मागच्या दाराखाली लोखंडी पायरी बसते. मगच नारळ फुटतो. गाड्या उंच असतात, लुगडं नेसलेल्या बायकांना चढता येत नाही, डोक्यावर पाटी असते. बिनपायरीची गाडी थांब्यावर लागली तर बाकीचे ड्रायव्हर विचारतात, "पाव्हणी आली का रं?"

दादाच्या पायरीचं माप बनुबाईच्या गुडघ्याचं आहे. बनुबाई रोज राजूरला दही विकायला जाते. तिचे गुडघे पूर्ण वाकत नाहीत. अजिनाथनं तिला गाडीमागं उभं केलं, म्हणाला, "आजे, उचल पाय." तिनं जमेल तेवढा उचलला. अजिनाथनं तिथं खडूची रेघ मारली. पायरी गाडीच्या सांगाड्याला धरून राहावी म्हणून खालून तीन लोखंडी पाय जोडले. बनुबाई तिच्यावर चढली, उतरली, पुन्हा चढली. "मच्छ्या, आता मी मरंस्तोवर तुझ्याच गाडीत," ती म्हणाली. दादा म्हणाला, "मग गाडी टिकाया पायजे."

गाडी टिकली नाही.

पहिला पावसाळा संपता संपता पुढच्या डाव्या चाकातून आवाज यायला लागला. घूं घूं. वेग वाढला की वाढायचा. दादानं हात वर केला. "गप बसा समदी."

"माझं मडकं न्हाई हां बोलत," बनुबाई म्हणाली.

"तुझं मडकं बरं, म्हातारे. चाकाचं बेअरिंग गेलंय."

त्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या जुन्या गाड्या चालवल्या. त्यांची बेअरिंगं किती वर्षं टिकतात हे त्याला माहीत होतं. नव्या गाडीचं वर्षाच्या आत जावं, हे त्याला पटेना. संगमनेरच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. बेअरिंग हा झिजणारा भाग आहे, तो वॉरंटीत येत नाही, असं काउंटरवर सांगितलं. त्यानं पदरचे पैसे भरून बदललं. उन्हाळ्यात त्याच चाकातून तोच आवाज आला. आता त्याला खात्री होती की बेअरिंग ज्यात बसतं तो हबच मुळात वाकडा आहे. कंपनीनं तो बदलून दिला नाही तर नवं बेअरिंग पुन्हा जाणार. आणि चाक घाटात जाम झालं तर काय, हे तो बोलला नाही. मी विचारलंही नाही. मागच्या बाकांवर कोण बसतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

या वेळी मला सोबत नेलं. वॉरंटीचं पुस्तक इंग्रजीत होतं. गाडीतच मी वाचून मराठीत सांगू लागले. वर ठळक अक्षरात तीन वर्षं. खाली बारीक अक्षरात काय काय नाही त्याची रांग. क्लच नाही. ब्रेक नाही. शॉकअप, बुश, बेल्ट, बेअरिंग, वायपर, दिवे नाहीत.

"मग हाय कशाची?" दादानं विचारलं.

मी पानं उलटली. "पत्रा आतून गंजून भोक पडलं तर आहे."

"म्हंजी जे झिजत न्हाई त्याची वारंटी."

मी पुस्तक मिटलं. इतक्या वर्षांत मी बारीक अक्षरातल्या तळटीपा पुष्कळ वाचल्या होत्या. एवढी निर्लज्ज वाचली नव्हती.

काउंटरवर हर्षल नावाचा मुलगा होता. गळ्यात टाय. त्यानं ऐकून घेतलं, आत जाऊन मोठ्या साहेबांना घेऊन आला. साहेबांनी गाडीभोवती चक्कर मारली. पुढच्या चाकापाशी थांबले नाहीत. मागं गेले आणि वाकून पायरीचा फोटो काढला.

"हे कुणी बसवलं?"

"अजिनाथनं."

"कोण अजिनाथ? आपला डीलर आहे?"

"न्हाई. राजूरचा हाय."

"गाडीत बदल केलाय तुम्ही. आता कशाचीच वॉरंटी नाही."

"सायेब, पायरी मागं हाय. आवाज पुढून येतोय."

"बदल म्हणजे बदल. लोड वाढतो."

"पायरीचा? अवो, एक म्हातारी चढती तिच्यावर. ती काय दह्याचा टँकर घिऊन चढती का?"

काउंटरमागं कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांच्या मागच्या भिंतीवर याच गाडीचं मोठं चित्र होतं. गाडी ओढ्यातून पाणी उडवत दगडांवर चढत होती. मी ते चित्र दाखवलं. म्हटलं, हा रस्ता आमच्या रस्त्यापेक्षा बरा आहे का?

"मॅडम, ती जाहिरात आहे," साहेब म्हणाले आणि आत गेले.

अजूनही ते वाक्य आठवलं की माझे कान तापतात. गाडी विकायची तेव्हा डोंगर चालतो. गाडी बिघडली की डोंगर खराब, रस्ता खराब, चालवणारा खराब आणि दह्याचं मडकं घेऊन चढणारी म्हातारीसुद्धा खराब.

हर्षल फाटकापर्यंत आमच्यामागं आला. इकडं तिकडं बघून हळू बोलला. "दादा, मी पण अकोले तालुक्यातलाच. पायरी कापून टाका. काढल्याचा फोटो पाठवा. सोबत एक ओळ लिहून द्या की पायरीमुळं बिघाड झाला, आता काढली. दोष कंपनीचा नाही, एवढं कागदावर असलं की मी वरून मंजूर करून आणतो. हबासकट सगळं बदलून देतील."

"आन मग?"

"मग परत बसवा की. मी काय बघायला येतोय?"

मला हायसं वाटलं. किती सोपं होतं. परतीच्या वाटेवर मी मोबाईलवर ओळ लिहूनही टाकली आणि वाचून दाखवली. 'मी गाडीला अनधिकृत पायरी बसवली होती. त्यामुळे चाकात बिघाड झाला. पायरी आता काढली आहे.'

"परत वाच," तो म्हणाला.

मी परत वाचली. कोतूळची वाट मागं पडली, वळणं सुरू झाली. वळणं संपली तरी बोलला नाही.

राजूरला अजिनाथच्या दुकानापुढं गाडी उभी केली. अजिनाथनं ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या. पायरीचा डावीकडचा पाय कापून सुटला. अजिनाथ मधल्या पायाकडं वळला तेवढ्यात बनुबाई आली. दही खपलं होतं, मडकं रिकामं होतं, तिला घरी जायचं होतं.

"काय चाललंय रं?"

"कंपनीला तुझी पायरी खुपतीय," अजिनाथ म्हणाला.

"माझी? मी काय केलं त्यांचं?"

दादानं तिला सांगितलं. लपवलं नाही. पायरी गेली की चाक फुकट मिळेल, एवढंच. ती ओळ मात्र सांगितली नाही.

"मंग काप की," बनुबाई म्हणाली. "तेवढ्यासाठी थांबलायस व्हय? मी काय, कशी बी चढंन."

आणि तिनं चढून दाखवलं. मडकं आत ढकललं. पायरीला पाय न लावता दोन्ही हात गाडीत टेकले, छाती टेकली, मग एक गुडघा वर घेण्यासाठी धडपडू लागली. लुगडं वर सरकलं. गुडघा येईना. समोरच्या थांब्यावरचे ड्रायव्हर आधी हसले. मग हसणं थांबलं. मी पुढं होऊन तिला धरायला गेले तर ती ओरडली, "सोड गं! जमतंय मला." शेवटी ती आत गेली ती रांगत. उठून बसली, पदर सारखा केला आणि धापा टाकत म्हणाली, "बघ. झालं का न्हाई?"

दादा तिच्याकडं बघत होता. मग अजिनाथला म्हणाला, "बंद कर."

"अर्धंच झालंय."

"असू दे."

"आरं, दोन पाय ऱ्हायलेत फकस्त. दोन मिंटाचं काम."

"बंद कर म्हनलं ना."

मी म्हटलं, "दादा, फोटोपुरतंच तर आहे. उद्या परत जोडता येईल."

तो माझ्याकडं वळला. रागावलेला नव्हता. "ज्ञानू, पायरी जोडता यील. तू ल्हिलेली ओळ कशी पुसायची? हिच्या पायानं माझं चाक खाल्लं, असं मी सही करून सांगू?"

ओळ माझी होती. व्याकरण बरोबर होतं.

दोन दिवसांनी हर्षलचा फोन आला, दादानं स्पीकरवर घेतला. फोटो पाठवला का, त्यानं विचारलं.

"चाकाचा पाठवू का?" दादा म्हणाला.

"चाकाचा नको हो. पायरीचा."

"पायरी माझी हाय. चाक तुमचं हाय. तुमच्याचा फोटो घ्या."

कंपनीनं हब दिला नाही. दादानं गाडी उभी केली आणि पुन्हा राजूरच्या त्या जुन्या मालकाची जीप चालवायला घेतली. सुगीत भाताची पोती वाहिली. दिवाळीनंतर बाजारातून नवा हब आणून बसवला. बाहेरचा भाग लावला म्हणून उरलीसुरली वॉरंटीही गेली, असा मेसेज त्याला आला. तो मेसेज त्यानं थांब्यावर सगळ्यांना वाचून दाखवला. आवाज मात्र तेव्हापासून थांबला आहे.

पायरी दोन पायांवर पक्की आहे. अजिनाथनं स्वतः तिच्यावर उड्या मारून बघितलं. बनुबाई सकाळी चढते, तिचं भाडं दादा कपाळाला लावतो आणि गाडी निघते. डावीकडचा कापलेला पाय खाली तसाच आहे, टोकाला गंजलेला. गाडी दुकानासमोरून गेली की अजिनाथ ओरडतो, "एक तर काप, न्हाईतर जोडून घे! माझं काम अर्धं ऱ्हायलंय!"

"येतो, येतो," दादा म्हणतो आणि थांबत नाही.