फोटोत वजन दिसत नाही

"वजन काढून टाका," असं मला सांगणाऱ्या माणसाला मी फी दिली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण माझा राग तिथून सुरू झाला आणि अजून उतरलेला नाही.

माझं भांड्यांचं दुकान आदिलाबाद जिल्ह्यात, बोथला आहे. त्याआधी दुकान नव्हतं, डोक्यावर टोपलं होतं. जुन्या लुगड्यांवर स्टीलची भांडी देत मी बाजारहत्नूरची गावं पायी तुडवली आहेत. बाई लुगडं पुढं करायची, मी त्याचा पदर उन्हात धरून भोकं दाखवायची. ती पातेलं मागायची, मी वाटी काढायची. कुठंतरी मधे सौदा पटायचा. शाळा सुटली ती सुटलीच. भाव करणं हेच माझं शिक्षण. त्या शिक्षणावर मी टोपल्याची टपरी आणि टपरीचं स्लॅबचं दुकान केलं. कोणाच्या बापाची मदत घेतली नाही.

आता मोबाईलशिवाय धंदा नाही, असं सून रोज म्हणायची. छोट्या दुकानदारांसाठी आदिलाबादला एका फंक्शन हॉलमध्ये क्लास होता, तिथं ती मला घेऊन गेली. पांढरे बूट घातलेले एक सर स्टेजवर इकडून तिकडं फिरत हिंदीत बोलत होते. दुकानदाराचा सगळ्यात मोठा शत्रू कोण, असं त्यांनी विचारलं. मागून एकजण म्हणाला, "जीएसटी." हॉल हसला. सर म्हणाले, "नहीं. मोलभाव." मग माझ्याकडं बोट करून विचारलं, लग्नाचं एक गिऱ्हाईक किती वेळ घेतं?

"आधा दिन," मी म्हणाले. "कभी खाना खाके जाते."

"अम्मा, आप दुकान चलाती हैं या धर्मशाला?"

तेव्हा हॉल जास्त हसला. सूनसुद्धा हसली. ते मी लक्षात ठेवलं.

दुपारी ते एकेकाची जाहिरात तपासत होते. सुनेनं लिहिलं होतं: पितळी पाच भांडी, अमुक किलो, किलोचा भाव, जुन्या भांड्यांची मोड घेतली जाईल. सरांनी बोटानं एकेक ओळ पुसली. एक फोटो ठेवला आणि खाली एक आकडा.

"वज़न हटाइए. वज़न पढ़ के आदमी सोचने लगता है. सोचने लगा कि गया."

"पीतल तो तौल के बिकता है, सर."

"दुकान में, अम्मा. मोबाइल पर फोटो बिकती है."

आणि आकडा असा लावा, म्हणाले, की स्क्रीनवर सरकणारं बोट जागीच थांबलं पाहिजे. असा आकडा फक्त पातळ पत्र्याच्या संचाला परवडत होता. आम्ही तोच टाकला. हंडा, घागर, कळशी, परात, तांब्या. घाट तोच, चकाकी तीच. पत्र्याची जाडी फोटोत दिसत नाही. कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.

गिऱ्हाईक आलं, हे खरं. गुडीहत्नूरहून फोन, नदीपलीकडून किनवटच्या बाजूनं फोन. तेलुगू गिऱ्हाईक "एंता?" म्हणायचं, सून आकडा सांगायची, संपलं. कोणी पितळ वाजवून पाहत नव्हतं की रुसून पायरी उतरून परत येत नव्हतं. सुनेनं गोदाम पातळ संचांनी भरून घेतलं. मी दुपारभर गल्ल्यावर रिकामी बसून असायची आणि माझी जीभ शिवशिवायची.

लग्नसराई ऐन भरात असताना एक माणूस आला. मंडल ऑफिसात कारकून आहे. आदल्या उन्हाळ्यात लेकीच्या लग्नाचं आंदण त्यानं माझ्याकडूनच नेलं होतं, जाड पत्र्याचं. अर्धा दिवस भाव केला होता आणि शेवटी पळी फुकट घेऊन गेला होता. एरवी रस्त्यावरूनसुद्धा "जयभीम अक्का" म्हणणारा माणूस. त्या दिवशी काही म्हणाला नाही. सरळ मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला. आमचाच फोटो, आमचाच आकडा.

"मंग मले दुपटीनं काऊन देल्लं?"

दुकानातली गिऱ्हाईकं वळून पाहू लागली. माझं डोकं तापलं.

"आवाज खाली घ्या! तुमाले देल्लं ते जाड होतं. तुमीच वाजवलं, तुमीच काट्यावर चढवलं, आता मलेच इचारता?"

"मले माहीत हाय, अक्का." त्याचा आवाज एकदम बसला. "मले नका सांगू. पोरीच्या सासूले सांगा."

मग त्यानं सांगितलं. लेक नदीपलीकडं दिली आहे. बैठकीत त्यानं चारचौघांत आंदणाचा आकडा बोलून दाखवला होता. आता सासूला कोणीतरी हा फोटो पाठवला. तीच पाच भांडी, निम्मा आकडा. बापानं आकडा फुगवून सांगितला, म्हणून ती उठता-बसता पोरीला टोचत होती. "मोबाईलवरचं आंदण आणलं बाई आमच्या सुनेनं," असं शेजारणींना ऐकवत होती.

"ते बी सहन केलं असतं," तो म्हणाला. "पण परवा पोरगी फोनवर म्हणते, बाबा, तुमी खरंच खोटं तं नाई ना बोलले? मले माहीत असून काय फायदा जी? तिले माहीत नाई ना."

मी उठलेच. "चला. काटा घेऊन जाऊ तिच्या घरी. तोलून दाखवते सासूले, तिच्याच अंगणात."

तो असा मागं सरकला की जणू मी त्याच्यावर हात उगारला.

"आंदण तोलाले जाता? सोयऱ्याच्या घरी? तुमाले तरी शोभते काय, अक्का?"

रागात मी विसरले होते. आंदण एकदा सासरचा उंबरा ओलांडून गेलं की त्याला तराजू लावत नाहीत. देणाऱ्यानं लावला तर तो दिलेलं मोजतो, घेणाऱ्यानं लावला तर तो सुनेला मोजतो. काटा घेऊन गेले असते तर पोरीची उरलीसुरली पत गेली असती.

"फोटो तुमी टाकला," तो म्हणाला. "त्याचं काय कराचं ते तुमीच पाहा. पण पोरीचं नाव येऊ द्याचं नाई, अन् माझं बी नाई."

चहा आला होता. तो तसाच ठेवून तो गेला.

मी सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अम्मा, सीज़न है. पोस्ट को हाथ मत लगाइए. एक पुराने ग्राहक के लिए चलता माल रोकेंगी?"

"उसकी लड़की का घर है, सर."

"वो आपका प्रॉब्लम नहीं है."

त्यापुढं मी त्यांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पण एक गोष्ट मला कळली. पोस्ट पुसूनही भागणार नव्हतं. टोपलं घेऊन फिरताना एका घरी शब्द चुकीचा गेला, तर पुढच्या आठवड्यात त्याच दारात बसून मी तो सरळ करायची. हा फोटो माझ्याशिवाय फिरत होता, माझ्या पायाखाली न आलेल्या गावांत. त्याच्या मागून त्याच वाटेनं दुसरं काहीतरी सोडावं लागणार होतं.

सुनेला म्हटलं, व्हिडिओ काढ. दोन्ही हंडे काट्यावर ठेवून दाखवते. तिनं हातातला मोबाईल खाली ठेवला.

"आई, गोदाम भरलं हाय पातळ मालानं. तुमीच सांगान पातळ हाय म्हून?"

"ज्याले पातळ पायजे तो घेईन."

"पातळ कोणाले पायजे असते?"

 मी ओरडले. तीही ओरडली. धंदा तुमचा, नाव तुमचं, बुडवा तुमच्या हातानं, म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. ते गोदाम तिनं तिच्या हिमतीवर भरलं होतं आणि पहिल्यांदाच या दुकानात काहीतरी तिचं म्हणून चाललं होतं. पण माझ्या कानात त्या बापाचा बसलेला आवाज होता. शेवटी तिनं मोबाईल हातात घेतला. तोंड मात्र दुसरीकडं.

हसत बोला, थोडकं बोला, असं सरांनी शिकवलं होतं. मी हसले नाही. बाजारात बोलते तशी बोलले.

"पाहा. दोन्ही हंडे एका घाटाचे. मोबाईलवर दाखवला तो हा. हा पातळ हाय, म्हून स्वस्त हाय." काट्यावर ठेवला, आकडा वाचला. "अन् गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडून पितळी आंदण ज्याइनं नेलं, त्याइनं हा नेला. हा जाड." तो ठेवला, आकडा वाचला. "दोघांचा भाव एक कसा होईन? आता कोणी म्हणत असन का बापानं..."

सून मुद्दाम खोकली. मी थांबले. बाप हा शब्द तिनं नंतर कापला.

व्हिडिओ गेला आणि फोन वाजू लागले. आमचा हंडा जाड की पातळ? पातळ असेल तर नको. आधी का नाही सांगितलं? काहींनी नुसतं "नको" पाठवलं. सुनेनं माझ्याशी बोलणं टाकलं. भांड्यांच्या दुकानात रुसलेल्या माणसाला आपटायला वस्तू कमी नसतात. कारकुनाकडून काही कळत नव्हतं. एकदा तो रस्त्यात दिसला. मी मान वर करून विचारलं, त्यानं मान हलवून नाही म्हटलं. नदीपलीकडं सगळं चिडीचूप होतं.

फक्त सरांचा मेसेज आला. माझा व्हिडिओ त्यांनी क्लासमध्ये दाखवला होता. माझ्या तोंडाच्या फोटोवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की सच्चाई विकली जाते. मला विचारलं नव्हतं. वजन पुसायला लावणारा माणूस आता माझंच वजन दाखवून फी घेत होता! मी फोन लावला. उचलला नाही. अजून उचलत नाही.

असंच एका दुपारी दुकानात एक बाई आली. माझ्याच वयाची, धुवट सुती साडी, हातात कापडी पिशवी. एकटीच. "तो मोबाईलवरचा हंडा दाखवा," म्हणाली. सुनेनं पुढं ठेवला आणि आकडा सांगितला. बाईनं आकडा ऐकून घेतला नाही. काठाला धरून एका हातानं हंडा उचलला आणि खाली ठेवला.

"आता दुसरा."

दुसरा उचलायला तिला दोन हात लागले. कमरेवर घेऊन ती क्षणभर तशीच उभी राहिली.

"कोन्या गावच्या, बाई?" मी विचारलं.

तिनं गाव सांगितलं. त्या पोरीच्या सासरचंच गाव.  ही तीच सासू असेल, नसेलही. नाव घ्यायचं नाही असं मी कबूल केलं होतं. एक शब्द इकडचा तिकडं झाला असता तर तो पोरीच्याच अंगावर गेला असता. सून आपटाआपटी थांबवून पाहत होती.

"लेकीचं लगन हाय?"

"लेक नाई मले. सून आणली मागच्या साली."

"मंग आंदण आलंच असन."

"आलं. फळीवर मांडलं हाय."

"खाली नाई काढलं?"

"काऊन काढाव? आलेल्या पाहुण्याले दिसलं, झालं."

"फळीवर जाड बी सारखं अन् पातळ बी सारखं, बाई," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं. जाड हंडा अजून तिच्या कमरेवरच होता. आता ही तो माझ्या पायावर टाकते, असं मला वाटलं.

"तुमची जीभ लय चालते म्हणतात."

"जिभेवरच हे दुकान उभं केलं. पण एक सांगते. फळीवरून हंडा उतरवाले काटा लागत नाई. दोन हात लागतात. अन् घरचा हंडा घरच्या बाईनं उतरवला, तं कोणाचा मान जात नाई."

तिनं हंडा सावकाश खाली ठेवला, पदरानं हात पुसले. "भाव तं तुमी लयच सांगता," म्हणाली आणि काही न घेता पायरी उतरून गेली. मी तिला परत बोलावलं नाही. गिऱ्हाइकाला परत न बोलावण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मी बोलले ते बरोबर बोलले की घराला काडी लावली, हे कळायला मार्ग नव्हता. सून एकदाच बोलली. "आई, तीच होती काय व?" मी म्हटलं, "माहीत नाई." त्या रात्री तिनं मला गरम भाकरी वाढली.

मग अनोळखी नंबरवरून फोन आला. कोवळा आवाज, दबका.

"मावशी, मी हंड्यावाली."

मी गल्ल्यावरून उठून मागं गेले.

"सासूबाईनं फळीवरून काढला, मावशी. एका हातानं वढाले गेल्या, तं हाललाच नाई. मंग दोन हातानं काढला अन् म्हणते, इतका जड असते काय व हा? मंग गल्लीतल्या बायाइले बलावून एकेकीले उचलाले लावला. म्हणे, पाहा आमच्या इवायानं काय देल्लं."

"बाबाले सांगितलं?"

"पयले त्याइलेच फोन केला.  नुसते हं हं करत होते. मंग म्हणे, अक्काले सांग."

मी काही बोलायच्या आत तीच पुढं बोलत राहिली.

"पण मावशी, आता म्हणते, रोज याच्यातच पाणी भर. सगळ्याइले दिसलं पायजे म्हणते. नळ दोन घरं सोडून हाय. कंबर गेली माझी. तुमी पातळच द्याचा होता नं!"

"अर्धा भरत जा," मी म्हटलं. "काठोकाठ भरलेला अन् अर्धा, डोक्यावर सारखाच दिसते."

ती हसायला लागली. तेवढ्यात तिकडून कोणीतरी हाक मारली, "आली जी!" म्हणाली आणि फोन बंद झाला.