दुक्ममध्ये शिकवलेला एक शब्द

मस्कत मागे पडलं आणि पाहण्यासारखं काही उरलंच नाही. खडी, आकाश आणि रस्ता वडिलोपार्जित असल्यासारखे मधोमध उभे उंट. एवढं रितेपण मी कधी पाहिलं नव्हतं. नागपूरपासून चाललेली माझी बडबडही बंद पडली.

ओमानच्या किनाऱ्यावरच्या दुक्मला माझा दादा पाइपलाइनवर इंजिनिअर आहे. मी इंग्रजीची शिक्षिका, म्हणून पोचल्या पोचल्या त्याने मला शिकवणीला जुंपलं. विद्यार्थी होता त्याचा कोरियन सहकारी मिन्हो. त्यांच्या कोरियन साहेबांनी नव्या पाइपात पाणी भरून दाब तपासायची चाचणी न करताच ‘टेस्ट खलास’ (झाली, संपली) असं सगळ्यांना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यातून तेल सोडायचं होतं. मिन्होकडून हे कळताच दादा वर कळवायला निघाला. पण साहेबांना आधी तोंडावर सांगू दे, म्हणून मिन्होने ती संध्याकाळ मागून घेतली. कोरियन भाषेत वडीलधाऱ्याला असं म्हणायला त्याची जीभ वळेना. इंग्रजीत कदाचित जमेल, असं त्याला वाटत होतं.

वाऱ्याने कोरलेल्या प्रचंड खडकांच्या रानात आमचा वर्ग भरला. सांभाळून घ्यावं म्हणून मी त्याला ‘मिस्टेक’ सुचवलं.

“मिस्टेक नाही, मॅडम,” तो इंग्रजीत म्हणाला. “शब्द खरा पाहिजे.”

मग मी ‘लाय’ (खोटं बोलणं) शिकवलं. तो खडकांना उद्देशून घोकत राहिला.

संध्याकाळी किनाऱ्यावरच्या हॉटेलात भाजलेली सुरमई आणि भात होता. साहेब आले. मिन्होने उठून कमरेत वाकून नमस्कार केला, दोन्ही हातांनी करक (दुधाचा कडक चहा) पुढे धरला आणि म्हणाला, “सर, यू लाइड.”

साहेबांनी तो पेला दोन्ही हातांनी घेतला. धाकट्याकडून घेताना एक हात पुरतो, हे दादाने मला नंतर सांगितलं.

“येस,” साहेब म्हणाले. “टुमॉरो नो ऑइल. वॉटर.”

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये पुन्हा तेच अफाट माळरान होतं. थापा, बाता, लोणकढी. आपल्याकडे खोट्याला नावं कमी नाहीत. पण मोठ्या माणसाला तोंडावर, तेही वाकून, खरं सांगणारा माणूस मी दुक्ममध्ये पहिल्यांदा पाहिला.

तेवढ्यात दादाचा फोन आला.

“पाणी भरलं आणि एक जोड फुटला,” तो म्हणाला. “कुणाला लागलं नाही. पण पहिलं तेल सोडताना साहेब स्वतः त्या जोडापाशी उभे राहणार होते गं.”