तीनाचे सहा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही. मी शिक्षक आहे. खोटं बोलणाऱ्या पोरांना कोपऱ्यात उभं करणारा.

आलापल्लीच्या पुढे, जंगलात माझी शाळा. निवडणूक आली की मतदारयादी आमच्याच गळ्यात पडते. शाळेपासून दोन तास चालत एक टोला, म्हणजे छोटी वस्ती, आहे. तिथे रेंज फक्त टेकाडावर येते. टोल्यावरची मैनीबाई रोज फोन घेऊन टेकाडावर चढायची, मी पाठवलेला आवाजी निरोप ऐकायची आणि घरोघर सांगायची. लस असो, रेशन असो. तिला वाचता येत नाही, पण तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आमच्या भागात सुरक्षेपायी मतदान दुपारी तीनलाच बंद होतं. मी मूळचा ब्रह्मपुरीचा, तिकडे सहापर्यंत चालतं. मतदानाच्या वेळेचा सरकारी कागद खिशातच होता. तो न वाचता मी फोनमध्ये बोलून मोकळा झालो — सहापर्यंत वेळ आहे, मोहफुलं वेचून निवांत या.

तिचा लगेच फोन आला. "काऊन सर, मागच्या बारीले तं तीनलेच बंद झालं होतं न?"

तेव्हा तरी कागद काढायचा ना? मी तिच्यावरच खेकसलो. म्हणालो, सांगतो तेवढं सांगा.

साडेचारला सगळे शाळेतल्या मतदानकेंद्रावर आले. बायका धुतलेली लुगडी नेसून, म्हातारे काठ्या टेकत. फाटक बंद होतं. केंद्रावरचे साहेब बाहेर आले, म्हणाले, सहा कोणी सांगितलं? सगळ्यांनी मैनीबाईकडे पाहिलं. तिने फोन माझ्या हातात दिला.

"तुमचाच आवाज हाये याच्यात, सर. लावून द्या न."

आणि मी — मी जरा पाठ वळवली आणि तो निरोप पुसून टाकला. अंगठ्याने. किती वेळ लागतो? मग चोराच्या उलट्या बोंबा. सगळ्यांसमोर म्हणालो, बाई, मी तीनच सांगितलं होतं, तुम्हीच सहा ऐकलं.

ती भांडली नाही. तिने कानात बोट घालून हलवलं, कचरा गेल्यासारखं. मग फोन परत घेतला. आलेली माणसं मत न देताच दोन तास चालत परत गेली. तिच्याशी कोणी बोललं नाही म्हणे.

नोकरीची भीती होती का? होती. पण त्याहून जास्त, साहेबांसमोर चूक निघेल याची लाज होती. एवढ्याशा लाजेसाठी मी तिची पत घालवली.

आता टोल्यावर तिचा निरोप लोक आणखी दोघांना विचारून घेतात. परवा लसीची तारीख विचारायला ती स्वतः चालत शाळेत आली.

"कागदावर लिहून द्या, सर. कोनाकडून वाचून घेईन. माह्या कानाचा आता भरवसा नाई."

तिचे कान तेव्हाही चांगले होते, आजही आहेत. मी तारीख लिहून दिली.