पंप बंद करा!

वाळवीच्या औषधाचा वास आला की मला जव्हारच्या बाजारपेठेतलं एक कापडाचं दुकान आठवतं. मी तेव्हा गुरांच्या दवाखान्यात नवीनच डॉक्टर म्हणून रुजू झाले होते. त्या दुकानात काचेची भलीमोठी टाकी होती आणि तिच्यातले ताटलीएवढे ऑस्कर मासे एकामागून एक मरत होते. दुकानदारांनी खाणं बदललं, ठाण्याहून औषध आणलं, तरी शेवटी एकच मासा उरला आणि तोही वर येऊन तोंड वासत होता. तेव्हा त्यांनी मला बोलावलं. मी पाण्याची नेहमीची तपासणी केली, तीत काही दोष निघाला नाही. माशाच्या अंगावर डागही नव्हता. मग टाकीत हवा सोडणाऱ्या नळीचा माग काढत मी मागच्या कोठीत गेले, तर वासाने डोळ्यांत पाणीच आलं. आवाज नको म्हणून पंप तिथे ठेवला होता आणि तिथल्या फळ्यांना नुकतंच वाळवीचं औषध मारलं होतं. “पंप बंद करा!” मी ओरडले. “मॅडम, हवा बंद केली तर हा पण जाईल ना!” दुकानदार कळवळले. “अहो, ती हवाच त्याला मारतेय!” म्हणत मीच बटण दाबलं. आम्ही पाणी उपसून विहिरीचं ताजं पाणी भरलं आणि पंप बाहेर ओट्यावर आणला. दुसऱ्या दिवशी गेले, तर मासा दुकानदारांच्या बोटांतून गांडूळ हिसकावत होता आणि ते रस्त्यावरच्या लोकांना हाका मारत होते, “या, बघा, आमच्या डॉक्टरीणबाईंनी वाचवला!” पुढे मी पुष्कळ गाई-बैल वाचवले, पण बाजारातून इतक्या ऐटीत पुन्हा कधी चालले नाही.