कवळीतली फट

शिटीमावशी हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं. पुढच्या दोन दातांत ही एवढी फट, 'स' म्हटला की शिटी वाजलीच म्हणून समजा! मावशी कधी रागावल्या नाहीत. उलट पोरांना हाक मारायची तर शिटीच घालायच्या.

आता लेकीकडे येताना गाडीत फुटाणे खाल्ले आणि कवळी तडकली. लेक म्हणाली, "बरंच झालं. नवी करू, छान सरळ दातांची." मावशींना सरळ दात नकोच होते. पण लेकीपुढे बोलायची सोय नाही.

दवाखान्यात नंबर यायला वेळ होता, म्हणून लेकीने समोरचं दातांचं संग्रहालय दाखवायला नेलं. दातांचंही संग्रहालय असतं, घ्या! पायाने चालवायचं दात कोरायचं यंत्र, जुन्या पकडी, कपाटं भरभरून कवळ्या. शेवटच्या खोलीत कवळ्या करणाऱ्याचं टेबल मांडलेलं. गुलाबी मेण, प्लास्टरचे जबडे, छोटा दिवा. मावशी तिथल्या बाकावर बसल्या. त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत अगदी असंच टेबल होतं, आणि त्यावर वाकलेला नवरा. आता ना टेबल, ना नवरा.

"किती सुबक दात आहेत बघ," लेक म्हणाली.

"बघतेय. फट एकालाही नाही."

"मुद्दाम कोण ठेवेल?"

"तुझ्या बाबांनी ठेवली."

लेक त्यांच्याकडे वळली. "मला वाटायचं, तेव्हा बाबांचा हात थरथरायला लागला होता, म्हणून राहिली."

"कसला हात थरथरतोय! माझ्या तोंडात मेण भरून माप घेताना म्हणाले, लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा गप्प बसलीस." मावशी हसल्या, मग डोळे पुसले. "कवळी घातली, तर माझ्या खऱ्या दातांतली फट तशीच. मी चिडले. म्हटलं, जगाला सरळ दात देता आणि बायकोला हे? तर म्हणतात कसे, सगळ्या गावाच्या तोंडात माझेच दात. त्यात माझी बायको मला ओळखू यायला नको?"

लेकीने आईचा हात धरला. दवाखान्यापर्यंत तो सोडलाच नाही.

डॉक्टरांनी तडकलेली कवळी उलटसुलट करून पाहिली. "नव्या कवळीत ही फट आपण बुजवून टाकू. अगदी नीट दिसेल."

मावशी तोंड उघडणार, तोच लेक म्हणाली, "नको डॉक्टर. फट आहे तेवढीच ठेवा. बाबांना आई ओळखू आली पाहिजे."