रुमालाखालचे तेरा

माणसाकडे बैल म्हणून बघायचे आणि तरीही समोरच्याला आपला मान वाढल्यासारखे वाटायचे, ही विद्या सबंध औरंगाबादेत एकाच माणसाला साधली होती, आणि तो माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. मी म्हणायचो म्हणून गल्ली म्हणायला लागली, आणि शेवटी अवघे गाव त्यांना मामा म्हणू लागले. छावणीतल्या जुन्या माणसांपुढे हॉकीचा विषय काढला, तर आजही एखादा हसून सांगतो, की रुमालवाल्या मामाने लबाडी केली म्हणून त्याच्या टीमचा कप परत गेला. ही गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे सांगण्याची पहिली संधी मला माझ्या अठराव्या वर्षी मिळाली होती. तेव्हा मी गप्प बसलो. आता बोलतो.

मामा बैलबाजारातले दलाल. निजामाच्या राज्यात, त्याच्या हाली रुपयाच्या दिवसांत, कन्नडच्या बाजारापासून जालन्याच्या बाजारापर्यंत त्यांच्या शब्दावर बैल दावणी बदलायचे. बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल गिऱ्हाइकाचा हात धरतो, वर रुमाल टाकतो आणि रुमालाखाली बोटे दाबून सौदा होतो. एक बोट म्हणजे एक, सबंध पंजा म्हणजे पाच. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही, आणि ठरलेला भाव दोघांच्या बाहेर जात नाही. भाव फोडणारा दलाल दुसऱ्या दिवशीपासून बाजारात भुईमुगाच्या शेंगा विकायला बसतो, असे मामा सांगायचे. मामांचा रुमाल लाल होता, चौकटीचा होता आणि जवळजवळ चादरीएवढा होता. त्याची सवय इतकी जडलेली, की गुलमंडीवर भाजीवालीशीसुद्धा ते रुमालाखालीच बोलू पाहायचे. ती बाई हात मागे घेऊन म्हणायची, "मामा, दोन पैशाची मेथी हाय, तोंडानं बोला." घरात किती भाकरी वाढायच्या हे ते उपरण्याखाली आत्याची बोटे दाबून सांगत, आणि तीन सांगून पाच खात. त्यावर आत्याचे म्हणणे असे, की या माणसाने आयुष्यात एवढा एकच सौदा मोडला, पण तो रोज मोडला.

बैल पारखून पारखून त्यांची नजरच तशी झाली होती. पाहुणा घरात आला की आधी त्याच्या पायांकडे, मग खांद्याकडे आणि हसलाच तर दातांकडे बघायचे. एका लग्नात ते नवऱ्या मुलाभोवती सावकाश एक फेरी मारून आले आणि मुलीच्या बापाला म्हणाले, "चाल झकास हाय. खांद्यात जोर कमी, पर मारका नाय. घ्या." बाप बिचारा आधी घाबरला आणि मग त्याचा चेहरा असा उजळला, की पत्रिका जुळल्यावरही उजळला नसेल.

अशा माणसाचा हॉकीशी संबंध यायचे काही कारण नव्हते. पण एकदा छावणीत दुभती म्हैस पोहोचवायला गेले असताना मैदानावर सामना चालला होता, तिथे हे उभे राहिले. म्हैस तासभर धरून ठेवली आणि सामना संपेपर्यंत हलले नाहीत. घरी येऊन मला म्हणाले, "खेळ काय कळला नाय. पर जोड्या चुकीच्या लावल्यात, येवढं कळलं."

त्या काळी आमच्याकडे एका जहागीरदारांच्या नावाचा चांदीचा कप होता. सुरुवातीला गावातलीच पोरे हौसेने खेळायची. मग एका बड्या कंत्राटदाराने हैदराबादेहून, भोपाळहून पगारी खेळाडू आणायला सुरुवात केली, आणि बाकीच्या टीमा दर वर्षी डझनाने गोल खाऊन घरी जाऊ लागल्या. शेवटी कमिटीने उर्दूत नोटीस लावली, की खेळाडूंना पगार द्या, पण सबंध टीमला मिळून हंगामाला दीडशे हाली रुपयांच्या वर एक पैसा खर्च करायचा नाही. केला तर टीम बाद. कंत्राटदाराचा चेहरा उतरला. मी मामांना नोटीस वाचून दाखवली तेव्हा त्यांनी ती तीन वेळा वाचायला लावली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पोळ्याच्या दिवशी असायचे तसले तेज आले. म्हणाले, "पैसा बेसुमार असला तर बाजार कुणीबी करील. मोजका असला म्हंजी मग नजर कामाला येते." दुसऱ्या दिवशी ते गुलमंडीवरच्या कापडवाल्यांकडून दीडशे रुपये उभे करून आले. टीम मात्र अजून एकाही माणसाची नव्हती.

त्यांनी ती कशी जमवली हे बघायला मी रोज त्यांच्या मागे असायचो. निर्दोष बैल महाग असतो, म्हणून खोडीचा घ्यायचा. फक्त खोड कुठली ते आधी ओळखायचे आणि तिला झाकील असा जोडीदार शेजारी बांधायचा, हा त्यांचा हिशेब. छावणीतला एक पेन्शनीत निघालेला हवालदार फुलबॅक म्हणून भिंतीसारखा होता, पण अर्ध्या तासाने त्याचे गुडघे बसायचे. बाकीच्यांनी त्याला सोडले होते. मामा म्हणाले, "बशा बैल हाय. पर बसंपर्यंत लई वढतो." त्याच्या पुढ्यात त्यांनी मला उभे केले, कारण मी कॉलेजातला पोरगा, मला खेळ बेताचा येत होता, पण थकणे ठाऊक नव्हते. गोलात उभा राहायला त्यांनी शेंद्र्याचा गणपत आणला. त्याने हॉकी कधी बघितलीसुद्धा नव्हती. त्याची लायकी एवढीच, की बाजारात एक उधळलेला वळू अंगावर आला असता तो जागचा हलला नव्हता. गणपतने मैदान बघून विचारले, "मामा, ह्यात करायचं काय?" मामा म्हणाले, "तवा केलतंस तेच. वळूपरीस बॉल लई बारका हाय."

आणि सेंटर फॉरवर्ड जाफर. हिमरूच्या शाली विणणाऱ्या घरातला पोरगा; चेंडू त्याच्या काठीला चिकटल्यासारखा राहायचा. पण तोंड असे, की पंचांशी भांडून तो अर्धा हंगाम मैदानाबाहेर असायचा. मामांनी त्याच्याभोवती फेरी मारायला सुरुवात केली तेव्हा तो भडकला. "मामू, मैं बैल हूं क्या?" मामा फेरी पुरी करत म्हणाले, "बैल असतास तर येवढं बोलला नसतास. भाव वाढला असता." जाफर हसला, आणि मामांनी तेवढ्यात रुमाल टाकला.

सौदे मैदानाकडेच्या कडुलिंबाखाली झाले. एकेकाला बोलवायचे, हातावर रुमाल टाकायचा, बोटे दाबायची, मग कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणायचे. बाहेर येणारा प्रत्येक जण छाती फुगवूनच यायचा. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी माझा पंजा दोनदा दाबला आणि वर तीन बोटे. तेरा रुपये. मग कानात म्हणाले, "तुला सगळ्यांत जास्त हाय. घरचा म्हणून नाय, तुझ्या पायांचा. पर भाव फुटला की सौदा मोडला."

त्या हंगामात मी जसा वागलो तसा आयुष्यात परत कधी वागलो नाही. सगळ्यांत जास्त पैसे घेतो या जाणिवेने मी सगळ्यांत जास्त धावत होतो, आणि बाकीच्या दहा गरिबांची मला सारखी कीव यायची. हवालदारांचे बूट मीच बांधायचो. मध्यंतरात चोखायला मिळायची त्या माझ्या लिंबांतली अर्धी जाफरला द्यायचो. विलक्षण म्हणजे तेही माझ्याशी तसेच वागत. गणपत शेंद्र्याहून हुरडा आणायचा तो आधी आमच्या हातावर ठेवायचा. जाफरसारखा भांडखोर प्राणी पंचांपुढे मान खाली घालू लागला आणि स्वतः गोल मारायचा सोडून चेंडू दुसऱ्याला देऊ लागला. गोल झाला की दहा जण मारणाऱ्याच्या अंगावर पडण्याऐवजी एकमेकांची माफी मागितल्यासारखे उभे राहत. मला वाटायचे, माझी योग्यता त्यांच्या ध्यानात आली असावी.

आम्ही अंतिम सामना जिंकलो. कंत्राटदाराच्या टीमला आम्ही एका गोलने हरवले. हवालदार शेवटची पंधरा मिनिटे जवळपास बसूनच खेळले, आणि गणपतच्या छातीवर चेंडूचे जे वळ उठले ते तो पुढे महिनाभर सदरा वर करून दाखवत होता. कप मामांच्या हातात आला तेव्हा त्यांनी आधी तो उलटा करून बूड तपासले.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराची तक्रार गेली. असली टीम दीडशेत बसणे शक्यच नाही, आणि दलालाने रुमाल वापरला तो चोरी लपवायलाच, असे तिच्यात होते. कमिटीने आम्हाला शामियान्यात बोलावले. सेक्रेटरी साहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मामांना खुर्ची दिली आणि विचारले, की कुणाला किती दिले एवढे सांगा, बेरीज आम्ही करतो. मामांनी कप टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सायेब, मला बोलता येत नाय. रुमालाखालचा भाव मी आजवर फोडला नाय. पोरांना इचारा. त्यांना मी मोकळं केलंय."

आणि ते आमच्याकडे वळले. आमच्या पायांकडे नव्हे, पहिल्यांदाच आमच्या तोंडांकडे बघत होते.

मी का बोललो नाही? भीती नव्हती. हिशेब होता. मला तेरा, म्हणजे बाकीच्यांना आठ-नऊ. बेरीज दीडशेच्या खूप खाली. लबाडी झालेली नाही हे मला पक्के ठाऊक होते. पण पहिल्यांदा मी तेरा म्हणालो, तर हवालदार माझ्याकडे कसे बघतील? ज्याला कमी मिळाले त्याने आधी बोलावे, त्याला लाजायचे काय कारण? म्हणून मी जाफरकडे बघत राहिलो. जाफर गणपतकडे बघत होता. गणपत जमिनीकडे. अकरा माणसे, आणि शामियान्याची कनात हलत होती तिचा तेवढा आवाज. सेक्रेटरी साहेबांनी पुन्हा विचारले, मग खिन्नपणे चष्मा पुसला आणि कप टेबलाच्या पलीकडे सरकवला.

 परत येताना मामांनी गुलमंडीवर सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली. स्वतः मात्र घेतली नाही. मैदानावर ते परत कधी गेले नाहीत. पण खरा मार बाजारात बसला. कन्नडला त्यांनी रुमाल काढला की कुणीतरी हसून म्हणायचे, "मामा, हात नीट दिसू द्या." ज्या माणसाच्या बोटांवर शेतकरी डोळे मिटून जोडी सोडायचा, त्याला आता तोंडाने भाव बोलावा लागू लागला, आणि तोंडाने भाव बोलणारे दलाल बाजारात पुष्कळ होते. कॉलेजात एखाद्याने पत्ते खेळताना हात लपवला की पोरे 'मामाचा रुमाल' म्हणायची. मीही हसायचो.

निजाम गेले, हाली रुपया गेला, जहागीरदार गेले. बऱ्याच वर्षांनी कन्नडला एका लग्नात जाफर भेटला. दाढी पांढरी, तोंड अजून तसेच. जेवण झाल्यावर मला बाजूला घेऊन गेला आणि म्हणाला, की छातीवर एक ओझे आहे, मरायच्या आधी उतरवायचे आहे. "उस दिन मैं बोलता था तो कप बचता था. पर कैसा बोलता? मेरे कू सब से जास्ती था रे." मी खांद्यावरचा टॉवेल आमच्या हातांवर टाकला. त्याने माझा पंजा दोनदा दाबला आणि वर तीन बोटे. मी तसाच त्याचा दाबला. आम्ही दोघे मांडवाच्या मागे, टॉवेलाखाली हात धरून, किती वेळ उभे होतो कोण जाणे. मग शेंद्र्याला गणपतकडे गेलो. त्यालाही तेरा. हवालदार वारले होते. त्यांच्या बायकोने सांगितले, की आपल्याला सगळ्यांत जास्त मिळाले याची त्यांना जन्मभर लाज वाटायची. आणखी चौघे सापडले. सगळ्यांना तेरा; न सापडलेल्या तिघांना वेगळे असेल कशाला? अकरा तेरे एकशे त्रेचाळीस. उरलेल्या सातांत लिंबे आणि गणपतच्या पायांचे पॅड. दीडशेच्या वर एक पैसा गेला नव्हता.

मी मामांकडे गेलो. ते खाटेवर होते, अंगावर चादर, रुमाल उशाला घडी करून. आत्या मागेच वारली होती, त्यामुळे दोन सांगून दोनच भाकरी खात होते. मी म्हणालो, "मामा, सगळ्यांना सारखंच दिलं होतं."

"कोण म्हनलं?"

"जाफर."

"त्याला काय कळतंय. त्याला तोंड हाय, कान नाय." मग म्हणाले, "जोडीतल्या एकाला जादा पेंड घातली की दुसरा मान टाकतो."

"मग सारखं देतोय असं सांगायचं होतं ना सरळ."

"मग कोन धावलं असतं?"

मी म्हणालो, की आता मी हे सगळीकडे सांगणार, लिहिणार. ते छताकडे बघत म्हणाले, "तुला मोकळं केलंच व्हतं की रं, तवाच." त्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

निघताना मी त्यांचा हात हातात घेतला, तर त्यांनी तो ओढून चादरीखाली नेला. बोटांत पहिल्यासारखा जोर नव्हता. पंजा दोनदा दाबला. मग तीन बोटे. आणि थोड्या वेळाने चौथे.

ते चौथे बोट म्हातारपणाच्या थरथरीने दाबले गेले, की चादरीखालच्या त्या शेवटच्या सौद्यात मामांनी मला खरोखरच सगळ्यांत जास्त दिले, हे मी विचारले नाही, आणि पंधरवड्याच्या आत विचारायला कुणी उरले नाही. बाकीचा भाव मी इथे फोडला आहे. चौथ्या बोटाचे मात्र जाफरला सांगितलेले नाही. त्याचे शिक्षण सगळे उर्दूत झाले. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून तेवढे लिहिले.