उरलेल्याचं नाव

टोमॅटो सॉसची बाटली संपली की तुम्हीआम्ही ती भंगारवाल्याला देतो. आमच्या शेजारच्या काकू ती स्टीलच्या पेल्यात उलटी, डोक्यावर उभी करायच्या. दिवसभर ती तशीच ओट्यावर असायची. संध्याकाळी काकू तिच्यात दोन घोट कोमट पाणी घालायच्या, बूच लावून खळखळ हलवायच्या आणि ते गुलाबी पाणी आमटीत ओतायच्या. मग बाटली उजेडात धरून बघायच्या. काचेला एखादा लाल ठिपका दिसला तर पुन्हा पाणी.

"अहो काकू, काय मिळतं त्यातून?" मी एकदा न राहवून विचारलं.

"पाणी एक दिवसाआड येतं आपल्याकडे," त्या म्हणाल्या. "बाटली धुवायचीच आहे ना? मग ते पाणी मोरीत कशाला घालवू?"

काकूंपुढे बिल्डिंगमधले सगळेच शेवटी हार मानायचे.

आम्ही तेव्हा मीरा रोडला नवीन होतो. काका-काकू गिरगावातून आले होते, मी लग्न होऊन परळहून. दोन्हीकडचे नातेवाईक आम्ही परदेशी गेल्यासारखे विचारायचे, तिकडे रिक्षा मिळते का, तिकडे मराठी माणसं आहेत का. माणसं सगळी होती. वर गुजराती, खाली यूपीचे, समोर मंगळूरचे. आणि रस्त्यावर खायला तर इतकं होतं की घरी कोण स्वयंपाक करतं हाच प्रश्न पडावा. चायनीजची गाडी, डोसेवाला, सँडविचवाला, पावभाजी. डोसा एकाचा आणि चटणी तिघांची, असा सगळा प्रकार. दोरा गुंडाळलेल्या पिशव्यांतून ती चटणी घरी यायची, तुमच्या-आमच्या घरातून दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जायची. काकूंच्या घरात तिला फ्रीजच्या दारात जागा मिळायची. तिथे झाकणाच्या छोट्या वाट्यांची ओळ असायची आणि प्रत्येक वाटीत कशाचा तरी तळ.

"राहू दे," काकू म्हणायच्या. "उद्या त्याचं नाव बदलू."

हे त्यांचं पेटंट वाक्य. शेजवान चटणी पिठात मळली की त्याचं 'केशरी थालीपीठ' व्हायचं. हॉटेलातल्या पनीरची उरलेली ग्रेव्ही दुधीला लागली की 'शाही दुधी'. सँडविचची हिरवी चटणी ताकात गेली की 'वसंत कढी'. परवाचं सांबार आणि कालची पावभाजी एकत्र नांदायला लागली तर 'कर्नाटकी मिसळ', आणि वर शेव. कर्नाटकात हे कुणाला माहीत नव्हतं, तो भाग वेगळा.

काका पोस्टातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. पानावर बसले की भाजीकडे बघून एकच प्रश्न विचारायचे, "आज काय नाव?" काकू नाव सांगायच्या. काका ते मनातल्या मनात नोंदवून घेतल्यासारखी मान हलवायचे आणि जेवायला लागायचे. चांगलं झालंय की वाईट, हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक पद्धत होती. कुणाच्या घरून वाटी आली की ती रिकामी परत जायची नाही. वरच्या हंसाबेन ढोकळा पाठवायच्या, सोबत चिंच-खजुराची चटणी. ढोकळा संपायचा, चटणी उरायची, आणि चार दिवसांनी त्यांच्याच वाटीतून काकू त्यांना आंबटगोड काहीतरी पाठवायच्या. एकदा हंसाबेन वाटी घेऊन खालीच आल्या.

"काकू, ये तो मेरीच चटणी है ना?"

"आपकीच थी," काकू शांतपणे म्हणाल्या. "अब उसका लगीन हो गया. नाव बदल गया."

हंसाबेन हसत हसत वर गेल्या, पण त्यानंतर ढोकळ्याबरोबर चटणी जरा हात राखूनच यायला लागली.

काकूंची लेक मेधा माझ्याहून थोडी लहान. तिच्या लग्नाचं काही जमत नव्हतं. मुलगी छान आहे, शिकलेली आहे, पण घर मीरा रोडला म्हणजे फारच लांब, असं म्हणून लोक चहा पिऊन जायचे. जणू काही मुलगी लग्नानंतर रोज माहेरी झोपायला जाणार होती. काकू वरवर हसायच्या, पण प्रत्येक नकारानंतर त्यांच्या फ्रीजमधल्या वाट्या वाढलेल्या दिसायच्या, कारण मग जेवणावरून कुणाचं लक्ष उडायचं. अशात ठाण्याचं एक स्थळ आलं. मेधा त्या मुलाला बाहेर एकदोनदा भेटली होती आणि तिला तो मनापासून आवडला होता. हे काकूंना आणि मला ठाऊक होतं.

रविवारी दुपारी चारला ती मंडळी पोहे खायला येणार होती. घोडबंदर रोडला कुठेतरी ट्रक उलटला आणि चारची माणसं आठ वाजता दारात उभी राहिली, भुकेने कासावीस. पोह्यांची रेती झाली होती. एवढ्या उशिरा आलेल्या माणसांना नुसता चहा कसा देणार? काकूंनी मला पोळ्या लाटायला बोलावलं आणि फ्रीज उघडला. घरात भाजी म्हणाल तर बटाटे.

मी पोळ्या लाटता लाटता बघत होते. डोशाबरोबर आलेली दाण्याची चटणी गेली, शनिवारच्या पनीरची ग्रेव्ही गेली, हंसाबेनची चिंच-खजूर, चमचाभर शेजवान, आणि शेवटी सॉसच्या बाटलीचं ते गुलाबी पाणी. वर कोथिंबीर. काय सांगू, वास असा सुटला की बाहेरची बोलणी थांबली.

मुलाची आई मोठी टापटिपीची बाई. पहिल्या घासाला त्यांनी डोळे मिटले, दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला आणि घेता घेता म्हणाल्या, "आमच्याकडे शिळं अजिबात चालत नाही हं. उरलं की कामवालीला देऊन टाकते. दुसऱ्या दिवशी त्या भाजीचं तोंडसुद्धा बघवत नाही मला."

"बरोबर आहे तुमचं," काकू म्हणाल्या. "अजून थोडा वाढू?"

"वाढा. कसला रस्सा म्हणायचा हा?"

"पंचमेळ," काकूंनी जागच्या जागी बारसं करून टाकलं. माझी पोळी तव्यावर करपली.

दोन दिवसांत होकार आला. काकूंनी मला मिठी मारली आणि लगेच रडायला लागल्या. मला वाटलं, आनंदाने. तसं नव्हतं. फोनवर विहीणबाई म्हणाल्या होत्या की साखरपुड्याला बाकी काही करा, पण तो पंचमेळ रस्सा हवाच, आमच्या सगळ्या माणसांना खाऊ घालायचाय.

काकूंनी शेंगदाणे भाजले, चिंच भिजवली, टोमॅटो परतले, काजू वाटले. सगळं ताजं, मापात. चांगली भाजी झाली, पण तो रस्सा काही झाला नाही. पुन्हा केला, पुन्हा तेच.

"ताज्याला मुरलेपण नाही गं," त्या हताश होऊन म्हणाल्या. "आता एवढं उरलेलं मी आणू कुठून?"

मग आमच्या बिल्डिंगने जे केलं ते दुसरीकडे कुठे झालं असेल असं मला वाटत नाही. साखरपुड्याआधी सगळ्या मजल्यांवर बाहेरचं खाणं आलं. खाण्यासाठी नाही, उरवण्यासाठी. मुलांची चैन झाली. माझ्या नवऱ्याने पनीरची ग्रेव्ही पोळीने पुसून खाल्ली, तेव्हा त्याला परत खाली पाठवून दुसरी आणायला लावली. हंसाबेन ढोकळा लावताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बासी के लिए ताजा बनाती हूँ. ऐसा तो पहली बार देखा." पण चटणी त्यांनी पातेलंभर दिली.

आदल्या दिवशी संध्याकाळी वाट्या घेऊन मी काकूंकडे गेले तेव्हा मायलेकींची जुंपली होती.

"आई, तू सांगून टाक त्यांना," मेधा म्हणत होती. "मला त्या घरात राहायचंय. मी काय जन्मभर हे लपवत बसू?"

"आणि मोडलं तर?"

"मोडू दे," मेधा म्हणाली खरी, पण ते तिलाच पटलेलं नव्हतं. माझ्या हातातल्या वाट्या घेऊन काकूंनी एकेक फ्रीजमध्ये ठेवली.

साखरपुडा घरातच होता. पानं वाढली, रस्सा आला आणि काय तो रस्सा. मुलाकडची माणसं बोटं चाटत होती. विहीणबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "आता कृती सांगा बरं. आणि हो, लग्नात नाव काय ठेवायचं मुलीचं?"

"नाव मेधाच राहू दे," काकू म्हणाल्या. "ती ताजी आहे, तिचं कशाला बदलायचं?" लोक हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी डाव खाली ठेवला. "आणि रश्शाचं खरं सांगते, विहीणबाई. उरलेल्याचा आहे तो. डोशाची चटणी, ढोकळ्याची चटणी, हॉटेलची ग्रेव्ही. त्या दिवशीही तोच होता."

हंसाबेनचा घास हातातच राहिला. मी मेधाकडे बघितलं, ती पानाकडे बघत होती.

विहीणबाईंनी काकूंकडे क्षणभर रोखून पाहिलं आणि खो खो हसल्या. "कृती सांगायची नसेल तर नका सांगू. पण असलं काहीतरी काय सांगता!"

"अहो, खरंच—"

"बघा," त्या आपल्या माणसांना म्हणाल्या, "मुलगी देतायत, पण रस्सा देत नाहीयेत."

काकू मला घेऊन स्वयंपाकघरात आल्या, पाटावर बसल्या आणि दिवसातला पहिला घास खाल्ला. "मी सांगितलं की नाही? तू साक्षीला आहेस," त्या मला म्हणाल्या.

पुढे हा दोन्ही घरांचा खेळच झाला. दर सणाला विहीणबाई विचारायच्या, "आता तरी खरं सांगा." काकू खरंच सांगायच्या. विहीणबाई रुसायच्या. मेधा सांगायची की सासूबाई काजू-खसखस वाटून सारखा प्रयोग करतात आणि जमला नाही की ताजा रस्सा ओतून देतात.

मग काही वर्षांनी एका सकाळी दूध तापवताना काकू खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. इतकं साधं. मला फार राग आला, कुणाचा ते कळलं नाही.

त्या घरात चूल पेटणार नव्हती, म्हणून जेवण आमच्याकडून जात होतं. दुसऱ्या दिवशी मी पिठलं-भात घेऊन गेले तर मेधाच्या सासूबाई फ्रीजसमोर उभ्या होत्या. दूध ठेवायला त्यांनी तो उघडला होता. दारात वाट्यांची ओळ होती. त्यांनी एकेक झाकण काढून वास घेतला. मेधा मागे येऊन उभी राहिली.

"सुतकातलं आहे, टाकून द्यायला हवं," कुणीतरी म्हणालं.

"मला माहीत आहे," विहीणबाई म्हणाल्या. "ज्याला टाकायचं त्याने टाकावं. माझा हात होत नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचा गॅस द्या जरा."

माझ्या स्वयंपाकघरात त्यांनी बटाटे चिरले, सगळ्या वाट्या पातेल्यात रिकाम्या केल्या आणि प्रत्येक वाटी पाण्याने विसळून ते पाणीही आत ओतलं. रस्सा उकळला. तोच वास. त्यांनी थेंबभर तळहातावर घेऊन चाखला आणि डोळ्यांना पदर लावला.

"खरं सांगत होत्या हो त्या. आणि मी इतकी वर्षं त्यांना खोटं पाडलं."

आम्ही तिघींनी पातेलं शेजारी नेलं. काका पानावर बसले होते. मेधाने भात वाढला, विहीणबाईंनी त्यावर रस्सा घातला. काकांनी सवयीने भाजीकडे बघितलं आणि विचारलं, "आज काय नाव?"

कुणालाच सांगता येईना. मग काकांनी भात कालवायला घेतला.